सुझलॉनचा आलेख कसा वाचायचा (मी तो आधी कसा चुकीचा वाचला, त्यासह)

परवा रात्री अकराच्या पुढे एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, सिनॉप्सिसमध्ये एका पवन-सौर कंपनीची वाढ केस स्टडी म्हणून घ्यायची आहे. सुझलॉन घेऊ का? माहिती भरपूर मिळते."

माहिती भरपूर मिळते हे खरंच आहे, आणि अडचणही तीच आहे. तिला फोनवर अर्धा तास जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहून काढते, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी कुठल्या तरी कंपनीचा 'वाढीचा आलेख' वापरावा लागणार आहे. मी अर्थशास्त्राची नाही. एमएस्सी फिजिक्स, आणि सध्या वाऱ्याच्या अंदाजावर पीएचडी. त्यामुळे ताळेबंद वाचायला मला उशिराच शिकावं लागलं आणि शिकताना एकदा चांगलीच तोंडावर पडले. ते पुढे येईलच.

आधी कथा. ती बहुतेकांना माहीत असते. तुलसी तांती यांचा सुरतेत कापडाचा व्यवसाय होता. विजेचं बिल डोईजड झालं म्हणून १९९० मध्ये त्यांनी स्वतःच्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या, आणि मग कापडापेक्षा पवनचक्क्यांचाच धंदा करावा असं ठरवलं. १९९५ मध्ये कंपनी निघाली. तंत्रज्ञान ज्यूडविंड नावाच्या एका छोट्या जर्मन कंपनीचं. पुढे मुख्यालय पुण्यात आलं. २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २००६ मध्ये तिने हान्सेन ही बेल्जियममधली गिअरबॉक्स बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेवाशी बोली लावून जर्मनीच्या रिपॉवरवर ताबा मिळवला. २०१२ मध्ये परिवर्तनीय रोख्यांचे सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर चुकते करता आले नाहीत. २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी तांतींचं निधन झालं. त्यानंतर भांडवल उभं राहिलं, कर्ज फिटलं, आणि आता पुन्हा "जोरदार वाढ"च्या बातम्या.

ही कथा तीन चालींत गायली जाते. पहिली जिद्दीची: सुरतेचा कापडवाला जगातल्या मोठ्या टर्बाइन कंपन्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. दुसरी अतिहावेची: अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, परदेशी कंपन्या उधारीवर घेतल्या आणि बुडाले. तिसरी राखेतून उठण्याची. मॅनेजमेंटच्या केस स्टडीज, यूट्यूबवरचे व्हिडिओ, गुंतवणुकीचे सल्ले, सगळीकडे याच तीन चाली आळीपाळीने ऐकू येतात. माझी तक्रार त्या खोट्या आहेत अशी नाही. तपशील बहुतेक बरोबरच असतात. पण तिन्हींत वाढीचं आणि घसरणीचं कारण एकाच माणसाच्या स्वभावात शोधलेलं असतं. माणूस धाडसी होता म्हणून वाढ, आणि जास्तच धाडसी होता म्हणून घसरण. जे कारण दोन्ही उलट गोष्टींना लागू पडतं, त्याने नेमकं काय समजलं हे आपल्याला विचारता आलं पाहिजे.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षाच्या आरएसीत, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, प्रस्तावनेची एक स्लाइड म्हणून मी भारतातल्या पवनऊर्जेच्या वाढीचा आलेख दाखवला. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर एकूण स्थापित क्षमता. रेघ झोकात वर जात होती. मी तिच्यावर एक वक्र बसवला होता आणि आर-स्क्वेअर एकाच्या अगदी जवळ आल्याचं अभिमानाने सांगितलं. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी शांतपणे विचारलं, "ही रेघ खाली येऊ शकते का?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, "सर, पॉलिसी बदलली तर..." ते म्हणाले, "नाही, पॉलिसीचं राहू द्या. तुम्ही बेरीज काढली आहे. बेरजेत ऋण संख्या टाकल्याशिवाय ती खाली कशी येईल?"

बरोबर होतं. संचित बेरजेचा आलेख कायम चढताच राहतो. एखाद्या वर्षी काम निम्म्यावर आलं तरी रेघ वरच जाते, फक्त जरा कमी तिरकी. आणि अशा आलेखावर कुठलाही वक्र बसवा, आर-स्क्वेअर छानच येतो, कारण प्रत्येक बिंदूत मागचे सगळे बिंदू आधीच बसलेले असतात. मी भारताच्या आलेखात केलेली हीच चूक कंपन्यांच्या बाबतीत रोज होते. "आजवर इतके गिगावॅट उभारले" हे वाक्य कंपनीच्या वयाबद्दल जितकं सांगतं, तितकं तिच्या प्रकृतीबद्दल सांगत नाही. घरी जाऊन मी तोच डेटा दर वर्षाच्या भरीप्रमाणे काढला. डोंगर गेला आणि करवतीचे दाते दिसले.

ते दाते पाहा. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट पवनक्षमता नव्याने उभी राहिली, पुढच्याच वर्षी सुमारे १,७००. २०१६-१७ मध्ये विक्रमी ५,५०० मेगावॅट, आणि लगेच पुढच्या वर्षी जेमतेम १,८००. वारा एका वर्षात निम्मा किंवा तिसरा हिस्सा होत नाही. मग काय बदललं?

इथे करकायदा येतो, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या विषयात मला सर्वांत रंजक वाटलेला भाग हाच. पवनचक्की कोण विकत घेत होतं? २०१२ पूर्वी पुष्कळदा ज्याला विजेपेक्षा करात जास्त रस होता, तो. पवनचक्कीवर त्वरित घसारा मिळायचा, नव्वदीच्या दशकात पहिल्याच वर्षी शंभर टक्के आणि नंतर ऐंशी टक्के. समजा एका कापड गिरणीने सहा कोटींची पवनचक्की घेतली. पहिल्या वर्षी चार कोटी ऐंशी लाख नफ्यातून वजा. कराचा दर तेहतीस टक्के धरला तर दीड कोटीच्या वर कर त्या वर्षापुरता वाचला. चक्की एखाद्या पठारावर कमी फिरली तरी हा फायदा झालेलाच आहे! शिवाय मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी निम्माच घसारा, म्हणून ३० सप्टेंबरच्या आत चक्की चालू करायची घाई. तो मुहूर्त हुकला तर निदान ३१ मार्च गाठायचा.

सुझलॉनच्या सुरुवातीच्या वाढीचं गमक इथे आहे असं माझं मत आहे. त्या कंपनीने नुसतं यंत्र विकलं नाही. जागा शोधणं, वारा मोजणं, जमीन घेणं, वीजवाहिनी, परवानगी, उभारणी, पुढची देखभाल, सगळं एका हाताखाली दिलं. ज्याला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही पण ज्याच्याकडे करपात्र नफा आहे, असा गिऱ्हाईक त्यामुळे तयार झाला. हे कौशल्यच होतं आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण हे कौशल्य कुठल्या मातीत रुजलं होतं ते सांगितलं नाही, तर केस स्टडी अर्धीच राहते.

१ एप्रिल २०१२ पासून त्वरित घसारा काढून घेतला गेला. प्रत्येक युनिटमागे मिळणारं पन्नास पैशांचं उत्पादनाधारित प्रोत्साहनही त्याच सुमारास थांबलं. करवतीचा पहिला दाता तिथे आहे. आणि सुझलॉनचे रोखे फेडायची मुदत ऑक्टोबर २०१२. म्हणजे घरचं मार्केट निम्म्यावर आलं तेव्हाच सावकार दारात.

आता तुम्ही म्हणाल, "मग दोष सरकारी धोरणाचा, कंपनीचा नाही." मीही एकदा उत्साहात तसंच लिहून टाकलं होतं. पण संशोधकाने इथे थांबायचं नसतं. तोच धक्का इतरांनाही बसला होता, त्यांचं काय झालं हे बघायचं. प्रयोगशाळेत कंट्रोल ठेवतो ना, तसं. भारतात गमेसाने पुढच्या दोन-तीन वर्षांत पहिला क्रमांक गाठला. आयनॉक्स विंड वाढली आणि २०१५ मध्ये शेअर बाजारात आली. जगात पाहिलं तर २०१२ सगळ्यांनाच वाईट गेलं होतं. डेन्मार्कच्या वेस्टासने त्या वर्षी ९६ कोटी युरोंहून जास्त तोटा दाखवला. पण वेस्टासने रोखे थकवले नाहीत. म्हणजे धक्का सर्वांना बसला आणि पाय मोडला तो आधीच ओझं वाहणाऱ्याचा. अतिहावेची चाल अगदीच चुकीची नव्हती तर. ती अपुरी होती.

ओझ्याबद्दलही एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. रिपॉवर घेताना कंपनीचं मूल्य सव्वा अब्ज युरोंच्या वर धरलं गेलं. पण जर्मन कायद्यानुसार नुसते बहुसंख्य शेअर हाती आले म्हणून त्या कंपनीची रोकड किंवा तंत्रज्ञान मालकाला हवं तसं वापरता येत नाही. उरलेल्या भागधारकांचं संरक्षण असतं. सुझलॉनकडे पूर्ण मालकी यायला २०११ उजाडलं. म्हणजे कर्ज इथे आणि पैसा तिथे, असं चार वर्षं चाललं. मधल्या काळात २००८ मध्ये अमेरिकेत विकलेल्या मोठ्या टर्बाइनच्या पात्यांना तडे गेले आणि बाराशेहून अधिक पाती मजबूत करून द्यावी लागली. त्यात जागतिक मंदी. २०१३ च्या सुरुवातीला सुमारे ९,५०० कोटी रुपयांच्या कर्जाची पुनर्रचना झाली. २०१५ मध्ये रिपॉवर, जिचं नाव तोवर सेनव्हियन झालं होतं, एक अब्ज युरोंना विकली गेली. घेतली त्याहून कमी किमतीत. (ती सेनव्हियन पुढे २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यामुळे स्वस्तात विकली म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.)

विद्यार्थी म्हणून यातून तुमच्या कामाची गोष्ट ही: त्या वर्षांतले 'उत्पन्न' बघताना एकत्रित की स्वतंत्र, हे आधी पाहा. २०११-१२ चं एकत्रित उत्पन्न सुमारे २१ हजार कोटी होतं. सेनव्हियन गेल्यावर ते दहा हजार कोटींच्या आत आलं. एकत्रित आकड्यांचा आलेख काढला तर आधी भरारी आणि मग कोसळणं दिसतं, पण त्यातला मोठा भाग म्हणजे दुसऱ्याची वही आपल्या वहीत बांधणं आणि नंतर सोडणं. ज्युनिअरला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी तर दोन्ही एकाच रकान्यात भरलेत." तिच्या वयात मीही तेच केलं असतं. अजून बिघडलेलं नाही, सिनॉप्सिसच आहे.

करवतीचा दुसरा दाता २०१७ चा. तोवर राज्य वीज नियामक आयोग पवनविजेचा दर ठरवून देत, साधारण चार ते सहा रुपये युनिट. फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिला केंद्रीय लिलाव झाला आणि दर ३ रुपये ४६ पैसे आला. ऑक्टोबरमध्ये २.६४. डिसेंबरमध्ये गुजरातच्या लिलावात २.४३. दहा महिन्यांत रुपयाहून जास्त घसरण! वृत्तपत्रांनी "पवनऊर्जा स्वस्त झाली" म्हणून स्वागत केलं, आणि ग्राहक म्हणून मीही करेन. पण मशीन बनवणाऱ्याच्या बाजूने बघा. ज्याच्याकडून सुटं यंत्र घेणारी शंभर गिऱ्हाइकं होती, त्याच्यासमोर आता लिलाव जिंकलेले पाच-दहा मोठे वीजउत्पादक उभे. पडून असलेला माल, रिकामे कारखाने. रीजेन पॉवरटेक आणि विंड वर्ल्ड या कंपन्या दिवाळखोरी कायद्याखाली गेल्या. सुझलॉन पुन्हा थकली, पुन्हा बँकांशी तडजोड झाली, पण टिकली.

इथे एक वर्गीकरणाची चूक टाळा. "पवन-सौर कंपनी" या एका शब्दात दोन वेगळे प्राणी आहेत. सुझलॉन मुख्यतः यंत्र बनवते, उभारते आणि सांभाळते. वीज दुसऱ्याची असते. अदानी ग्रीन किंवा रिन्यू यांच्यासारख्या कंपन्यांचे प्रकल्प स्वतःच्या मालकीचे असतात आणि त्या वीज विकतात. पहिलीचा मेगावॅट म्हणजे विकलेला माल, दुसरीचा मेगावॅट म्हणजे पुढची पंचवीस वर्षं उत्पन्न देणारी आणि तितकीच कर्जाने बांधलेली मालमत्ता. दोघींचे मेगावॅट एका तक्त्यात शेजारी ठेवून तुलना केली तर शिंप्याच्या आणि भाड्याने कपडे देणाऱ्याच्या दुकानाची तुलना शर्टांच्या संख्येवरून केल्यासारखं होईल. सुझलॉनने २०१६ च्या सुमारास तेलंगणात सौरप्रकल्प मिळवून पाहिले होते, पण ते पुढे विकले. ज्युनिअरला खरोखर 'पवन आणि सौर' दोन्ही हवं असेल, तर तिला दुसऱ्या प्रकारची कंपनी घ्यावी लागेल आणि प्रश्नही बदलावे लागतील.

आणि मेगावॅट म्हणजे तरी काय? माझ्या विषयाचा भाग आहे, म्हणून जरा रेंगाळते. मेगावॅट ही क्षमता, युनिट ही वीज. एक मेगावॅटचं यंत्र वर्षभर पूर्ण ताकदीने चाललं तर ८७ लाख ६० हजार युनिट होतील. प्रत्यक्षात जुन्या पवनचक्क्या याच्या वीस टक्क्यांच्या आसपास देतात, म्हणजे साडेसतरा लाख. नव्या, चांगल्या जागी असलेल्या, पस्तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे तीस लाखांच्या वर. मेगावॅट तोच, वीज पावणेदोन पट. सौरचं आणखी वेगळं: तिथे पॅनेलची क्षमता आणि ग्रिडला जोडलेली क्षमता हे दोन वेगळे आकडे असतात, आणि कंपनी सोयीचा असेल तो छापू शकते.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. सेकंदाला सहा मीटर आणि सात मीटर यांत फरक फक्त एकाचा, पण शक्तीत जवळजवळ एकोणसाठ टक्क्यांचा. दुसरीकडे, पाती जितकं वर्तुळ कापतात त्या क्षेत्रफळावर पकड अवलंबून. सुझलॉनच्या एस-८८ या २.१ मेगावॅटच्या यंत्राचं वर्तुळ ८८ मीटर व्यासाचं, म्हणजे साधारण ६,०८० चौरस मीटर. आताच्या एस-१४४ चा व्यास १४४ मीटर, क्षेत्रफळ १६,२८० चौरस मीटरच्या वर, आणि क्षमता तीन मेगावॅटच्या श्रेणीत. भागाकार करून पाहा. आधी एका चौरस मीटरमागे ३४५ वॅटचा जनरेटर होता, आता १८५ च्या आसपास. म्हणजे जनरेटर जवळजवळ दीडपट आणि जाळं पावणेतीनपट. मंद वाऱ्याच्या जागीही यंत्र जास्त तास चालतं. कंपनीची खरी तांत्रिक प्रगती इथे आहे, आणि मेगावॅटच्या आलेखात ती अजिबात दिसत नाही. कंपनीवर टीका करणाऱ्यांच्या आणि तिचं कौतुक करणाऱ्यांच्या, दोघांच्याही नजरेतून ती सुटते याचं मला नवल वाटतं.

आता ताज्या वाढीकडे. २०२४-२५ मध्ये सुझलॉनने १,५५० मेगावॅट माल दिला, आदल्या वर्षी ७१०. दुपटीहून जास्त! पण मागे सरका. २०१६-१७ मध्येही आकडा दीड हजार मेगावॅटच्या आसपासच होता. आधारवर्ष २०२४ घेतलं तर झेप, २०१७ घेतलं तर आठ वर्षांनी परत तिथेच. दोन्ही वाक्यं खरी आहेत. प्रबंधात तुम्ही कुठलं आधारवर्ष घेतलं आणि का घेतलं, हे तुम्हाला एका ओळीत सांगता आलं पाहिजे. व्हायव्हाला विचारतात.

आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत एक गंमत आहे. करोत्तर नफा सुमारे १,१८० कोटी, आणि करपूर्व नफा त्याच्या निम्म्याच्या आसपास. कर भरल्यावर नफा वाढला? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. कॉमर्सच्या मैत्रिणीने समजावलं: मागच्या वर्षांत प्रचंड तोटा झालेला असला की पुढच्या नफ्यावरचा कर कमी लागतो. पुढे नफा होईल अशी पुरेशी खात्री झाली, की ती भावी करबचत मालमत्ता म्हणून आजच्या खात्यात दाखवता येते. स्थगित कर म्हणतात त्याला. इथे तो सुमारे ६०० कोटींचा होता. यात लबाडी काही नाही, हिशेबाच्या नियमांत बसतं, आणि कंपनीने ते जाहीरही केलं आहे. पण "नफा चौपट" असा मथळा वाचणाऱ्याला हे कळत नाही की त्या नफ्यातला निम्मा भाग म्हणजे जुन्या तोट्यांचीच सावली आहे. तिसऱ्या चालीतल्या राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं वजन करताना राखही तराजूत आहे.

मग ही वाढ खोटी का? मला तसं वाटत नाही. मागणी खरी आहे, आणि तिचं कारण सौरऊर्जेच्या यशात आहे. दिवसा सूर्याची वीज इतकी झाली की आता लिलावात संध्याकाळची, रात्रीची, चोवीस तासांची वीज मागतात. नुसत्या पॅनेलवर ते भागत नाही. आपल्याकडे वारा पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जोरात असतो, नेमका ढगांमुळे सौर मंदावतो तेव्हा. त्यामुळे मोठे उत्पादक पुन्हा पवनचक्क्या मागू लागले. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४,१५० मेगावॅट पवनक्षमता उभी राहिली आणि एकूण ५० गिगावॅटचा टप्पा ओलांडला गेला. तरीही २०१६-१७ चा विक्रम मोडला नव्हता. ऑर्डर बुकातले गिगावॅट मोजताना जमीन, वीजवाहिनी आणि परवानग्या यांच्या रांगेत त्यातले किती अडकतात, हे मोजायचा चांगला पेपर मला अजून दिसलेला नाही. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

एक शेवटची गोष्ट, जी कंपनीच्या कुठल्याच आलेखात नसते. माझं आजोळ पाटण तालुक्यात. लहानपणी वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या म्हणजे आमची सहल असायची. त्या काळात सातारा-सांगली-धुळ्याकडे "या पंख्यांनी ढग पळतात, म्हणून पाऊस पडत नाही" अशी बोलवा होती. माझा मामाही ठामपणे सांगायचा. आम्ही शिकलेले लोक हसायचो. पंखे आले त्याच वर्षांत दुष्काळ पडला, एवढंच त्यातलं सत्य. पण हसून झाल्यावर आम्ही असं समजलो की पठारावर काहीच बदलत नाही. तेही चूकच होतं.

२०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा शोधनिबंध नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनमध्ये आला. काम चाळकेवाडीच्या पठारावरचं, म्हणजे मामाच्या गावापासून फार लांब नाही. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरड्यांची, सारडा सुपर्बा या प्रजातीची, दाटी वाढली, आणि त्या सरड्यांचं वागणं, शरीरक्रिया आणि अंगकाठीसुद्धा बदलल्याचं त्यांना दिसलं. पवनचक्क्या अन्नसाखळीच्या वर जणू आणखी एक शिकारी होऊन बसतात, अशी त्यांची मांडणी आहे. मला हा पेपर आवडतो तो पवनऊर्जेच्या विरोधात आहे म्हणून नव्हे, तो तसा नाहीच. त्यांनी चक्क्या असलेला आणि नसलेला भाग एकाच पठारावर शेजारी-शेजारी घेतला, आणि मामाला जे मोजता आलं नाही ते मोजलं. कंपन्यांच्या वाढीवर लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी असा शेजारचा तुकडा घेतला आहे?

ज्युनिअरला मी शेवटी सांगितलं ते असं: सुझलॉन घे, पण 'वाढ' हा शब्द शीर्षकातून काढ. १९९५ पासून आजपर्यंतच्या कथेऐवजी २०११ ते २०१९ एवढाच काळ घे, कारण त्यात धोरणाचे दोन धक्के आहेत, एका यंत्रात नाही तर चार-पाच कंपन्यांत ते तपासता येतात, आणि वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सगळे मिळतात. देशाचे आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडून घे, कंपनीच्या सादरीकरणातून नको. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर तीन गोष्टी लिही: मेगावॅट की युनिट, वर्षाची भर की संचित, एकत्रित की स्वतंत्र.

तिचा रिप्लाय आला, "ताई, मग माझे निम्मे आलेख बाद." मी तिला माझी ती जुनी आरएसीची स्लाइड पाठवून दिली. अजून जपून ठेवली आहे, आर-स्क्वेअरसकट.